बुरशीला कोण सांगणार ‘जैसे थे’

तमाम मावळवासीयांस, शनिवार-रविवारी लोणावळ्यात भिजायला येणाऱ्या पाहुण्यांस आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त सज्जनांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आज सकाळी चहाच्या वेळेस माझ्या लग्नातल्या बुटांवर बुरशी आढळून आली आहे. बुटांची प्रकृती चिंताजनक आहे. डावा पूर्ण पांढरा झाला असून उजवा त्याच वाटेवर आहे. कृपया भेटायला गर्दी करू नये. फुले आणू नयेत. ती बुटांना आपोआप आली आहेत.

आमच्याकडे आषाढ मुरला की असंच. कुरवंड्याच्या बाजूने धुकं निघतं, बाजारातून रमतगमत येतं आणि माझ्या दुकानात शिरून गिऱ्हाइकासारखं काउंटरला टेकून उभं राहतं. घेत काहीच नाही. माझं दुकान झेरॉक्सचं. या दिवसांत कागद तळायच्या आधीच्या पापडासारखे मऊ पडतात, यंत्र ते चघळतं आणि अर्धवट बाहेर थुंकतं. मी भिंतीकडे बघून भाषण करतो, आणि भिंतीलाही पोपडे धरलेले असतात, त्यामुळे ती सहानुभूतीने ऐकते. कपाटात एक बल्ब दिवसरात्र जळत ठेवलेला असतो. त्या उबेत माझी खरी इस्टेट राहते: टीव्हीला जोडायचे जुने संगणक, पावाच्या डब्याएवढे फ्लॉपी वाचणारे ड्राइव्ह, आणि जगाने टाकून दिलेल्या फ्लॉप्या. माणसं पोपट पाळतात, मी ह्या पाळतो.

बुटांचं मी सोसलं असतं. पण पांढरी बुरशी दिसली की मला मागचा पावसाळा आठवतो, आणि माझा नाटकी ढंग तिथेच संपतो.

मागच्या ज्येष्ठात, आकाश नुसतं भरून येत होतं तेव्हा, आंबीचे दत्ताभाऊ दुकानात आले. दत्ताभाऊ मला वडीलभावासारखे. तरुणपणी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ते प्रोग्रॅम लिहायचे. कंपनी केव्हाच बुडाली, दत्ताभाऊ आंबीला परत येऊन भात लावू लागले. शेजारी कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, तरी यांची खाचरं तशीच, इंद्रायणीच्या वासाची. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्लॉपी काढली. सव्वापाच इंची, काळी, लवचिक. वर त्यांच्याच अक्षरात एक शब्द: खेकडा.

मी काउंटरवरून उडी मारली असं मी सर्वांना सांगतो. खरं तर वळसा घालून आलो. पण मनातून उडीच.

‘खेकडा’ हा खेळ मी फक्त ऐकून होतो. दत्ताभाऊंनी लिहिलेला, कंपनीने विकलेला, आणि मग पृथ्वीतलावरून गायब झालेला. पडद्यावर निळी भातखाचरं, मधे हिरवे बांध. खेकडा येऊन बांधाला भोक पाडतो, पाणी वाहून जायला लागतं, आणि चार रेघांचा एक माणूस चिखलाची पाटी घेऊन भोक बुजवायला धावतो. एक बुजवलं की दुसरं. या खेळात कुणी जिंकत नसे. बांध कधी ना कधी फुटायचाच. दत्ताभाऊंनी तो तसाच लिहिला होता.

“सुधीर,” ते म्हणाले, “डोळ्याचं सांगितलंय तुला. नळीतनं बगितल्यावानी दिसतंय आता. डॉक्टर म्हनतो, गेलेली नजर परत यायची न्हाई, आन हाय ती किती दिस, त्ये त्याला बी ठावं न्हाई. एकदा खेकडा बगायचाय. बास.”

काचबिंदू. कडेकडेने आत येत जाणारा अंधार. म्हणजे बुरशीचाच भाऊ.

मी फ्लॉपी उजेडात धरली. काळ्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, त्यातून आतली तपकिरी तबकडी दिसते. कडेला मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. मी म्हटलं, “बुरशी लागलीय, किती फेरे टिकेल सांगता येत नाही. चालवण्यात फेरा घालवू नका, आत्ता लगेच हिची नक्कल काढून ठेवतो. एकदा नक्कल झाली की रोज सकाळ-संध्याकाळ खेकडा बघा, आरतीसारखा.”

“थांब. ही माझी न्हाई.”

“मग कुणाची? अक्षर तुमचं, डोकं तुमचं, खेकडा तुमचा.”

“पगार त्यांचा,” दत्ताभाऊ म्हणाले.

ह्या दोन शब्दांवर मागचा अख्खा पावसाळा टांगलेला आहे. नोकरीत लिहिलेलं मालकाचं, हे कायद्यानेही खरंच. मालक वारले होते, पण त्यांचे दोन मुलगे होते. दत्ताभाऊंनी दोघांनाही रीतसर, नम्रपणे परवानगी मागितली. न मागितली असती तर या जगात कुणालाही काही कळलं नसतं. पण दत्ताभाऊ म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरचं गवतसुद्धा विचारून कापणारा माणूस.

त्या भावांचा वाटणीचा दावा आधीच कोर्टात चालू होता. बंगला, गाळे, एक बंद पडलेली गाडी. खेकड्याची त्यांना आठवणही नव्हती. आमचा विचारणा करणारा कागद पोचला आणि खेकडा यादीत जाऊन बसला. आठवड्याभरात माझ्या दुकानात दोन वकिलांच्या दोन नोटिसा आल्या. थोरल्यांची म्हणत होती की सदर खेळ आमचा आहे, सबब नक्कल करू नये. धाकट्यांची म्हणत होती की सदर खेळ थोरल्यांचा नाही, सबब नक्कल करू नये. कित्येक वर्षांत त्या भावांचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं, ती ही. त्यांना जवळ आणल्याबद्दल माझा कुणी सत्कार केला नाही.

दोन्ही नोटिसांत आणखी एक कलम होतं. फ्लॉपी झेरॉक्सच्या दुकानात ठेवणं संशयास्पद आहे, ती तेथून ताबडतोब हलवावी. दिवसभर अख्ख्या लोणावळ्याच्या आधार कार्डांच्या आणि लग्नपत्रिकांच्या नकला काढणारा मी. माझ्या कपाटात बल्बची ऊब होती, त्या फ्लॉपीला मावळातली सगळ्यांत कोरडी जागा तीच होती. दत्ताभाऊंनी नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि फ्लॉपी वर्तमानपत्रात गुंडाळून आंबीला घेऊन गेले. बाहेर तेव्हा पाऊस असा धरला होता की त्यांच्या छत्रीचं टोकही चार पावलांवर दिसेनासं झालं.

मग आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस आले. मला त्या दिवसांचे वास अजून आठवतात: उपटलेल्या रोपांच्या मुळांचा गार, कच्चा वास, चिखलाचा, ओल्या घोंगडीचा, चुलीवरच्या खेकड्याच्या रश्श्याचा, ज्यात लसूण इतका की माणसाने गतजन्मीचे अपराध कबूल करावेत. मी दर सोमवारी, दुकान बंद असलं की, आंबीला जायचो. दत्ताभाऊ बांधावर बसलेले असायचे. ते बांध डोळ्यांनी बघत नसत, पायाने चाचपत. टाच दाबून सांगायचे, “हितं पोकळ हाय. भोक हाय खाली.” आणि खरंच असायचं.

तिथेच एकदा मी विचारलं, “भाऊ, हा खेळ सुचला कसा?”

ते हसले. “खेकडा म्हंजी माजा चुलता. दर पावसाळ्यात आमचा बांध हातभर कोरायचा. उन्हाळ्यात मोजणी करावी तर म्हनायचा, आमी न्हाई, खेकड्यांनी पाडला. माज्या बापाचं आयुष्य बांध घालन्यात गेलं. पुन्यात कंपनीत बसलो आन पयला खेळ लिवायला सांगितला, तवा दुसरं काय येनार डोक्यात?”

“मग त्या माणसाला जिंकवायचं तरी एकदा!”

“बाप कुटं जिंकला?”

त्यानंतर मी नक्कल गुपचूप काढून टाकू हा विषय काही दिवस काढला नाही. काही दिवसच. मी स्वभावाने चिकट आहे.

परवानगीसाठी मी केलेल्या वाऱ्यांवर एक तीन अंकी नाटक होईल. थोरले तेव्हा तुंगार्लीच्या बंगल्यात राहायला आले होते. व्हरांड्यात बसून, कांदाभजी माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “हे बघा, मी हो म्हटलं तर तो म्हणणार मी मालक असल्यासारखा वागलो. नाही म्हटलं तरी मालक असल्यासारखाच वागलो. म्हणून मी काहीच म्हणत नाही. चटणी घ्या.”

धाकटे फोनवर. “दादा काय म्हणाले?”

“काहीच म्हणाले नाहीत.”

“मग मीही काहीच म्हणत नाही. आणि हे त्यांना सांगा.”

वडगावच्या कोर्टाबाहेर मी एका वयस्क वकिलांना गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, छत्री झटकली आणि म्हणाले, “जमिनीचं असतं तर लगेच सांगितलं असतं. खेकड्याचा सातबारा मी पाहिलेला नाही.” मग जरा गंभीर होऊन त्यांनी समजावलं की वाटणीच्या दाव्यात सगळ्या मिळकतीला ‘जैसे थे’ हुकूम लागू आहे. जे जसं आहे ते तसंच राहील. कुणी हात लावायचा नाही. माझ्या मनात आलं, हा हुकूम दोघा भावांना पोचला, मला पोचला, दत्ताभाऊंना तर काळजापर्यंत पोचला. पण बुरशीला तो कोण बजावणार? दत्ताभाऊंच्या डोळ्यांना कोण बजावणार? मालकीहक्क आणखी कित्येक दशकं ठणठणीत जगणार होता. ज्याच्यावर हक्क, ते येतं पीक निघेपर्यंत टिकेल की नाही याचीच खात्री नव्हती.

तो दावा अजून चालू आहे, जाता जाता सांगतो. खेकडा यादीत अजून आहे. बंगल्याच्या खाली, गाडीच्या वर.

श्रावण सरला. भात पोटरीला आलं. दत्ताभाऊंनी मला एकदा दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली, कारण मी डावीकडून आलो होतो आणि डावीकडचं आता काहीच उरलं नव्हतं. मी विनोद केला, ते हसले, आणि मी ओढ्यापाशी जाऊन उगाच तोंड धुतलं.

पुढच्या सोमवारी मी म्हटलं, “निदान फ्लॉपी बघू तरी द्या. कशी आहे ती?”

सिंधूवहिनी, म्हणजे दत्ताभाऊंच्या पत्नी, लगबगीने आत गेल्या आणि तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी फ्लॉपी वर काढली. चेहऱ्यावर केवढा अभिमान! “मोबाइल भिजला की तांदळात ठेवत्यात न्हव का भावजी? मंग ह्ये बी ठेवलं. ज्येष्ठापासनं हितंच हाय. लय जपलीय.”

तांदूळ घरचा होता. आणि मावळातल्या कुठल्याही सुज्ञ घरात वर्षाच्या तांदळाला किडे लागू नयेत म्हणून जे चोळतात, ते त्याला चोळलेलं होतं. बोरिक पावडर. पिठासारखी बारीक, पांढरी. ती पाकिटाच्या खिडकीतून आत गेली होती. बुरशी कुठली आणि पावडर कुठली, कळेना.

“त्ये पांढरं व्हय?” वहिनी म्हणाल्या. “मागल्या आठवड्यात दिसलं, तवा म्या पुसून काढलं की. फिरवून फिरवून.”

“कशाने?”

त्यांनी पदर दाखवला. पदराच्या टोकाला चॉकलेटी डाग होता.

मी जमिनीवर बसलो. त्या तबकडीवरचा तपकिरी लेप म्हणजेच सगळं काही. तीच निळी खाचरं, तेच बांध, तोच चुलता. पावडर आणि पदर मिळून त्याला पॉलिश पेपरासारखे घासून गेले होते. लेप जागोजाग सैल झाला होता. ड्राइव्हचं डोकं त्यावरून एकदा फिरलं की राहिलेलं खरवडून निघणार. म्हणजे आता एकच फेरा. धुवायला जावं तर पाण्याबरोबर तेही जाईल.

वहिनींना माझ्या तोंडाकडे बघून कळलं. त्या पदर मुठीत धरून चुलीपाशी जाऊन बसल्या. दत्ताभाऊ आवाजाच्या दिशेने वळले आणि म्हणाले, “आगं, किडं तरी न्हाई ना लागलं? खेकड्याला किडं लागलं असतं तर मावळात तोंड दाखवाया जागा न्हवती.”

मग मी हात जोडून उभा राहिलो, आणि जन्मात पहिल्यांदा त्यात नाटक नव्हतं. “भाऊ, एकच फेरा आहे. त्यात एकतर खेळ चालवून तुम्हाला दाखवता येईल, नाहीतर नक्कल काढता येईल. दोन्ही जमायचं नाही. नक्कल काढू द्या. एका फेऱ्यात जे मिळेल ते साठवतो, मग नव्या संगणकावर जोडून जोडून उभं करतो.”

“किती दिस लागतील जोडाया?”

“सांगता येत नाही. महिने.”

“तवर माजं डोळं?”

मी फ्लॉपीवरची पावडर फुंकू लागलो.

“आन नक्कल काढायची न्हाई, आसं कोर्टाचं हाय. चालवायची न्हाई, आसं न्हाई. व्हय का न्हाई?”

“भाऊ, पण मग ती जाईल. कायमची. तुम्हीच लिहिलेली.”

“आरं, कोरला त्यो बांध चुलत्यानं कोरला. म्या आता जाता जाता कुनाचा कोरू व्हय?”

असं म्हणून ते उठले. चप्पल पायाने शोधू लागले. वहिनींनी ती सरळ करून पुढे ठेवली.

आता फ्लॉपी परत माझ्या दुकानात आली ती दुपार. बाहेर इतकं अंधारून आलं होतं की बाजारात दुकानांचे दिवे लागले होते. मी शटर अर्धं ओढलं. काउंटरवर जुना टीव्ही, त्याला जोडलेला संगणक, शेजारी ड्राइव्ह. दत्ताभाऊ पडद्याच्या अगदी पुढ्यात स्टुलावर. वहिनी मागे उभ्या, आणि त्यांनी मुद्दाम तेच लुगडं नेसलं होतं, डागाचं. मी फ्लॉपी आत सारली. कर्र… टक, टक. कर्र. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे. त्यात काहीतरी वाळूवरून फरफटत नेल्यासारखं असतं. त्या दिवशी जरा जास्तच होतं.

पडदा निळा झाला.

खाचरं आली. हिरवे बांध आले. चार रेघांचा माणूस आला, पाटीसकट. मी ओरडलो. मी नेहमीच ओरडतो.

“कुटंय?” दत्ताभाऊ म्हणाले. “मला न्हाई दिसत. सुधीर, कुटंय?”

ते मान फिरवत होते आणि त्यांची नळी पडद्यावरून घसरत होती. वहिनी पुढे झाल्या. एका हाताने त्यांनी भाऊंची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं. “हितं. ह्यो तुमचा बांध. आता खाली या. खाली. हितं बगा.”

“हां,” दत्ताभाऊ म्हणाले. आणि मग खूप हळू, “हां. आला. आला बग त्यो.”

खेकडा कोपऱ्यातून निघाला. तिरका, दोन नांग्या हलवत, अगदी खऱ्यासारखा. बांधापाशी आला. नांगी उचलली. ड्राइव्हमधून एक खरखर आली, मग नुसतीच टकटक, मग काहीच नाही.

खेकडा थांबला. माणूस थांबला. पाणी काठोकाठ. सगळं जागच्या जागी.

मी एक कळ दाबली, मग सगळ्या दाबल्या. उपयोग नव्हता. फ्लॉपीवर आता वाचण्याजोगं काही उरलेलं नव्हतं. जेवढं संगणकाच्या डोक्यात आलं होतं तेवढंच आता जगात होतं, आणि तेही वीज आहे तोवर.

“फुटला का?” भाऊंनी विचारलं.

“नाही फुटला. अडकलाय.”

“म्हंजी बांध हाय?”

“आहे.”

त्यांनी बोट काचेवरून उचललं नाही. मी खिशातून मोबाइल काढला. “फोटो काढू?” आणि माझं मलाच कळलं की मी त्या दोन नोटिसा आठवून कुजबुजत विचारतोय. भाऊंनी मान हलवली. नको.

मग आम्ही बसून राहिलो. बंद करायचा कुणाला धीर होईना. यंत्र गरम झाल्याचा, तापल्या धुळीचा वास दुकानभर पसरला. वाऱ्याने पत्रा वाजला की मी आणि वहिनी एकदम दिव्याकडे बघायचो, आणि दिवा एकदा मिचकावून तसाच राहायचा. मावळात पावसाळ्यातल्या विजेवर कुणी भरवसा ठेवत नाही, आणि आमच्या इन्व्हर्टरने तर त्याच आठवड्यात मान टाकली होती. वहिनींनी डब्यातून भाकरी काढली, कुणी खाल्ली नाही. भाऊ एकटक बघत होते, पापणी लवली तर तेवढं वाया जाईल अशा बेताने. खेकड्याची नांगी वर होती. ती खाली यायची नव्हती.

मग पलीकडच्या डोंगरावर गडगडलं, आणि लाइट गेली.

पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, मोहरीएवढा. तोही मिटला. बाहेर पाऊस, आत धुकं. भाऊंचं बोट अजून काचेवरच असावं, कारण काचेवर नखाचा बारीक आवाज येत होता.

तेवढ्यात त्या अंधारातून, अर्ध्या शटरखालून बाजारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, सिंधूवहिनी म्हणाल्या,

“घ्या! आता करा म्हनावं दोगांनी वाटनी!”